मळणीच्या बैलाचं तोंड

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या पट्ट्यात सोयाबीन आता मळणीयंत्रावर निघतं. तिवड्याभोवती पात फिरवताना बैलाला मुसकं बांधावं का, हा प्रश्न तिथे मागे पडला आहे. बायबलच्या जुन्या करारात मात्र त्यावर स्पष्ट नियम आहे: मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधायचं नाही. डवरणीत मुसकं न बांधलं तर उभं पीक जातं, ती गोष्ट वेगळी. खळ्यावर ज्याच्या पायांनी धान्य सुटतं, त्याचा त्यात घास आहे. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात असा विसावा दर सातव्या दिवशी आहे आणि त्यात बैल-गाढवांची नावं घेऊन सोय केली आहे. जनावर ही देवाची देणगी आहे, असं ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ या नियमांतून लावावा लागतो: दावं आपल्या हाती असलं, तरी मालकी देणाऱ्याचीच राहते.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला प्राण्यांवर सत्ता देतो. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये निसर्गाच्या नासाडीचं मूळ याच विचारात दाखवलं. आरोप पोकळ नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशांनी जंगलं आणि जनावरं दोन्ही ओरबाडली. पण त्याच अध्यायात, सत्तेच्या लगेच पुढे, माणसाचा आणि पशूंचा आहार म्हणून वनस्पतीच नेमून दिल्या आहेत. म्हणजे त्या सत्तेत मारण्याचा परवाना नव्हता. मांस खाण्याची मुभा जलप्रलयानंतर येते, तीही रक्त वर्ज्य करून. आणि नोहाशी झालेल्या करारात प्राणीही सामील आहेत. लंडनमध्ये 1824 साली प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संस्था उभी करणारे आर्थर ब्रूम धर्मगुरूच होते. संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला.

दुसरा आक्षेप खुद्द पौलाचा आधार घेतो. करिंथकरांना लिहिताना तो मळणीच्या बैलाचा नियम सांगतो आणि विचारतो, देवाला काय बैलांची काळजी आहे? पण त्याचा मुद्दा प्रचारकांच्या पोटापाण्याचा आहे. बैलाचा हक्क गृहीत धरूनच तो माणसाचा हक्क सिद्ध करतो. येशूच्या बोलण्यात तर दोन दमड्यांना पाच मिळणाऱ्या चिमण्याही देवाच्या लक्षात असतात.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र गोठ्यातला आहे. शहरात कुत्र्यामांजरांना देणगी म्हणणं सोपं. कोरडवाहू शेतकऱ्याने थकलेला बैल कशाच्या जिवावर पोसायचा? 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण कायद्याने वैरण येत नाही. भूतदयेवरची प्रवचनं इथे बहुधा गप्प बसतात. निर्गमाच्या पुस्तकात याचं निदान एक टोक सापडतं. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर निघून न जाता त्याच्या मालकाला हात द्यावा, अशी तिथे आज्ञा आहे. जनावर एकाचं असलं तरी त्याचा भार रस्त्याने जाणाऱ्यावरही येतो. मग थकलेल्या बैलाच्या वैरणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. त्यात गावाचा, चर्चचा आणि सरकारचाही वाटा निघतो.