सायकलवरून उतरायचे नाही!

रविवारी कोर्टाला सुट्टी असली की आम्ही पहाटेच परभणीहून सायकल काढतो आणि गंगाखेड रस्त्याने पोखर्णीला जाऊन येतो. पोखर्णीला लोक नृसिंहाच्या दर्शनाला जातात. आम्ही जातो ते दोन्ही बाजूंच्या काळ्या रानासाठी, तोंडावर येणाऱ्या गार वाऱ्यासाठी. गावात चहा घेताना ओळखीचा कुणीतरी हमखास विचारतो, "वकीलसाहेब, गाडी इकली का काय?"

प्रश्न गमतीचा आहे. पण चळवळीतले काही सहकारीही म्हणतात, "समाजावर अन्याय होत असताना हा छंद कसला?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१९०१ साली बालभीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर महाराची मुले म्हणून एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी स्वतः हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. १९२९ साली बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावात तोच अनुभव आला. टांगेवाले टांगा हाकायला तयार नव्हते. वस्तीतल्या सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

सायकलला गाडीवान लागत नाही. म्हणूनच ती आमच्या माणसाच्या हाती आली तेव्हा गावगाड्याला खुपली. पाटलाच्या वाड्यासमोर खाली उतरा, सायकल हातात धरून चाला, हा दंडक मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी सोसला. त्याच सायकलवर १९८३ साली मान्यवर कांशीराम यांनी उत्तर भारतात चळवळ गावोगाव नेली.

संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक रस्ता सर्वांना खुला केला, कलम १९ ने देशभर संचाराचे स्वातंत्र्य दिले. तरीही अॅट्रॉसिटी कायद्यात सायकलचे नाव घालावे लागले! २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक जागी सायकल वा मोटारसायकल चालवण्यास, चप्पल वा नवे कपडे घालण्यास अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. स्वातंत्र्यानंतर जवळपास सत्तर वर्षांनी हे लिहावे लागले, याचा अर्थ वाचकांनीच काढावा.

आमच्या पूर्वजांच्या पायांना रस्ता मिळाला तो कामासाठी. मयताचा सांगावा पोचवायला, दुसऱ्याचे ओझे वाहायला. कुणाच्याही हुकुमाशिवाय, केवळ मनाला बरे वाटते म्हणून वीसेक किलोमीटर जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो आनंद आज आम्ही घेतो, तेव्हा हक्कच बजावत असतो. वापरात नसलेला हक्क सायकलच्या साखळीसारखा गंजतो.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाही. मानव विकास कार्यक्रमातून अनेक मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. पण रविवारी तीच मुलगी सहज फेरफटका मारायला निघाली, की आपणच विचारतो, "कुठं उंडारायला चाललीस?" वाड्यासमोर उतरवणारा पाटील आणि घरच्या उंबऱ्यावर लेकीला उतरवणारे आपण, यात मग फरक काय राहिला? पुढच्या रविवारी तिला अडवू नका. जमल्यास तिच्याबरोबर निघा. पोखर्णीच्या रस्त्यावर आमची भेट होईलच.

जयभीम!