सुप्रिया सुळे यांच्या विधेयकाचे पुढे काय झाले?

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देणारे विधेयक लोकसभेत मांडले. विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला, असा समज होणे सोपे आहे. म्हणून ते कुठवर गेले आणि समलिंगी जोडप्यांच्या हाती आज काय आहे, हे क्रमाने पाहू.

आधी विधेयक काय होते ते. विशेष विवाह कायदा, १९५४ म्हणजे धर्म न पाहता नोंदणी पद्धतीने लग्न लावणारा कायदा. त्यातल्या ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणावा, दोघेही पुरुष असतील तर वयाची अट २१ आणि दोघीही स्त्रिया असतील तर १८ असावी, असा प्रस्ताव होता.

सुळे मंत्री नव्हत्या. मंत्री नसलेला खासदार मांडतो ते अशासकीय विधेयक. त्यासाठी महिनाभर आधी सूचना द्यावी लागते. मांडण्याची परवानगी सहसा मिळतेच. खरी अडचण पुढे येते.

अशा विधेयकांच्या वाट्याला एरवी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास येतात. प्रस्ताव ढीगभर, त्यामुळे चर्चेचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम १४ विधेयके कायद्यात उतरली, शेवटचे १९७० साली. म्हणजे सरकारची इच्छा नसेल, तर एकट्या खासदाराची भूमिका कितीही स्वच्छ असली तरी कायदा होत नाही.

लोकसभा विसर्जित झाली की तिथे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप रद्द होतात. सतरावी लोकसभा जून २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि या विधेयकाचा प्रवास तिथेच संपला.

दरम्यान प्रश्न न्यायालयातही गेला होता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असे म्हटले आणि कायदा करण्याचे काम संसदेवर सोडले. एका कायद्यातले शब्द बदलले की वारसा, दत्तक, पोटगी अशा अनेक कायद्यांचे धागे ओढले जातात, ही अडचण न्यायालयाने दाखवली. ती खरी आहे. पण ती सोडवायची जागा संसदच, आणि तिथे विषय पुढे सरकत नाही. जोडप्यांची ही कोंडी मला अन्यायाची वाटते.

तरी काही दारे उघडली आहेत. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, असेही राज्यांना कळवले गेले.

इथेच गफलत होते. नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, पैसे स्वीकारते. त्यांची मालक होतेच असे नाही. मृत्युपत्र नसेल तर कायदेशीर वारस ते मागू शकतात, आणि जोडीदार त्या वारसांत मोडत नाही. भविष्य निर्वाह निधीचा नियम आणखी कडक आहे: आश्रित आईवडील असतील, तर बाहेरच्या व्यक्तीचे नाव लावता येत नाही.

म्हणून मृत्युपत्र कराच. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनीही आपल्यासमोर सही केली पाहिजे. ज्याला मालमत्ता द्यायची त्यालाच साक्षीदार करू नका. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण नातेवाइकांचा विरोध होण्याची शक्यता असेल तर ती जरूर करा.

नुसते मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, करून थांबू नका. देणाऱ्याचा मृत्यू होताच ते संपते.

रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. ऐनवेळी तिथे पेन अडखळू नये, म्हणून उपचारांविषयीचे पूर्वनिर्देशपत्र करून ठेवा. आयुष्य लांबवणारे उपचार कधी थांबवायचे आणि तेव्हा कोणाला विचारायचे, हे त्यात लिहिता येते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढेच त्याला लागतात.

आणि आपला खासदार मत मागायला आला, तर ‘तुमचा पाठिंबा आहे का?’ एवढेच विचारून सोडू नका. विशेष विवाह कायद्यातल्या दुरुस्तीला सभागृहात मत देणार का, हे विचारा.