कोळशाचे जळणे

कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांच्या नित्य परिचयाचा दगड म्हणजे काळा पाषाण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा तो बनलेला असून कितीही तापविला तरी जळत नाही. मग चंद्रपूरकडील दगडी कोळसा ‘दगडी’ असूनही का जळतो, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो. तो टाळू नये. दगडी कोळसा हा काळ्या पाषाणासारखा दगड नव्हे. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा तो अवशेष असून कार्बन हा त्याचा प्रमुख घटक आहे. लोणारी कोळसा लाकडाचाच. लाकूड मातीखाली झाकून, पुरेशी हवा न देता भाजले म्हणजे तो तयार होतो.

कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो व उष्णता बाहेर पडते. यालाच जळणे म्हणतात. एक किलो कार्बन पूर्ण जळण्यास सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. लोहार भाता हाणतो तो यासाठीच. गुऱ्हाळातील चुलवाणाला हवेची वाट व उंच धुराडे असते, त्याचेही कारण हेच. मात्र केवळ हवा पुरेशी नाही. शेगडीतील एकच निखारा चिमट्याने काढून फरशीवर ठेवावा. हवा भोवती भरपूर, तरी तो थोड्याच वेळात काळा पडतो. कारण त्याची उष्णता निघून जाते. ढिगातील निखारे मात्र एकमेकांस तापते ठेवतात. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. त्यास साहित्य असे काहीच लागत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. हवा अपुरी असली, अथवा तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तप्त निखाऱ्यांच्या थरातून वर गेला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बनतो. शेगडीवर निळसर ज्योत नाचते ती त्याचीच. तो न जळता खोलीत पसरल्यास घात होतो. त्यास रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पुष्कळ घरांत बाळंतिणीस शेक देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. धूर निदान डोळ्यांना झोंबून माणसास बाहेर काढतो. येथे प्रथम डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच शुद्ध हरपते. शेक संपताच शेगडी अंगणात न्यावी. शेक चालू असतानाही खिडकी व दार उघडे असावे, बाळंतीण हवे तर आडोशाला निजावी. कोणी गुंगलेला आढळल्यास त्यास आधी मोकळ्या हवेत आणून लगेच दवाखान्यात न्यावे. हा पाठ थंडीपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीआधी घेणे सोयीचे. आणि त्या दिवशी माता-पालकांसही शाळेत बोलवावे, कारण शेगडी पेटविणे मुलांच्या हाती नसते.