मोहल्ल्याची भिंत आणि मुलीच्या हातचा हुनर

दहावीपर्यंत मुलीच्या चित्रकलेचं घरात मोठं कौतुक असतं. ईदच्या आदल्या रात्री अर्ध्या मोहल्ल्याच्या हातांवर मेहंदी तीच काढते, शाळेच्या फळ्यावर सुविचाराभोवतीची नक्षी तिचीच असते. इंटरमिजिएटच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली तर दहावीच्या निकालात ७, बी मिळाली तर ५ आणि सी मिळाली तर ३ गुण वाढतात, म्हणून अम्मीही खूश. दहावी झाली की अब्बा विचारतात, "यातून पुढे काय?" आणि बहुतेक घरांत रंगपेटी माळ्यावर जाते.

सवाल गैर नाही. पण त्याचं एक उत्तर आता थेट रस्त्यावरच्या भिंतींवर दिसू लागलं आहे, आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या पालकांनी ते समजून घ्यायला हवं.

फेब्रुवारी २०२६ मध्ये दुबईत 'ग्लोबल टीचर प्राइज' रुबल नागी यांना मिळालं. रक्कम १० लाख डॉलर. मूळ जम्मू-काश्मीरच्या आणि मुंबईत काम करणाऱ्या नागी यांची ओळख वर्गात खडू घेऊन उभी राहणारी शिक्षिका अशी नाही. त्या चित्रकार आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या घरांच्या भिंती रंगवण्याचा त्यांचा उपक्रम 'मिसाल मुंबई' या नावाने ओळखला जातो. त्यांच्या संस्थेची देशभरात ८०० हून जास्त शिक्षण केंद्रं आहेत आणि वस्तीतल्या भिंतींवर अक्षरं, गणित, विज्ञान, इतिहास चित्रांतून मांडलेला असतो.

यात विचार करण्यासारखी गोष्ट एवढीच, की जे मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, त्याच्यापर्यंत भिंत पोहोचते. पाणी भरायला, दुकानात, मदरशाला जाता-येता तेच चित्र दिवसातून दहा वेळा डोळ्यांसमोर येतं. पुस्तक मिटता येतं, गल्ली मिटता येत नाही.

रस्त्यावर मोठं चित्र काढणं आपल्या लोकांना नवीन नाही. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत मोठे झाले. त्यांच्या पुढच्या चित्रांवरून खूप वाद झाले, पण हात तयार झाला तो रस्त्यावर. तालुक्या-तालुक्यात दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, जलशाचे बॅनर रंगवणारे 'पेंटर' होते आणि त्यांत आपल्या मोहल्ल्यातले हातही होते. फ्लेक्सने तो धंदा बसवला. मात्र त्या पेंटर चाचांना जे येत होतं, म्हणजे लहान कागदावरचं चित्र मोजून मोठं करणं, लांबून वाचता येईल असं अक्षर काढणं, उंचावर उभं राहून हात स्थिर ठेवणं, तेच आज 'म्युरल'च्या नावाने शिकवलं जातं. असा एखादा बुजुर्ग गल्लीत असेल तर मुलीला त्यांच्याकडे पाठवा. ही तालीम कॉलेजातही सहज मिळत नाही.

आता हे काम प्रत्यक्षात होतं कसं? बघणाऱ्याला ब्रश दिसतो, पण निम्मं काम ब्रश हातात घेण्याआधीचं असतं. ओल असलेली, पोपडे सुटलेली, खाराने पांढरी पडलेली भिंत घेऊ नये, कारण तिच्यावर कितीही महाग रंग लावला तरी तो सालासकट गळतो. आधी ओल कुठून येते ते शोधायचं. गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, जे असेल ते आधी दुरुस्त. मग भिंत खरवडायची, तारेच्या ब्रशने घासायची, धुवायची, पूर्ण वाळू द्यायची. भेगा बुजवायच्या. नवीन प्लास्टर असेल तर किमान महिनाभर थांबायचं. त्यानंतर बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर, त्यावर एक सपाट रंग, आणि मग चित्र.

कागदावरचं चित्र भिंतीवर नेण्याची सगळ्यात जुनी आणि भरवशाची रीत चौकटींची. कागदावर एक-एक सेंटिमीटरच्या चौकटी आणि भिंतीवर एक-एक फुटाच्या. म्हणजे २० बाय ३० सेंटिमीटरचं चित्र २० बाय ३० फुटांचं होतं. खडूची पूड लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि झटकायची, सरळ रेघ उमटते. मग प्रत्येक चौकटीत जेवढं आहे तेवढंच बघून काढायचं. भिंतीला चिकटून उभं राहिलं की माणसाला फक्त रंगाचा डाग दिसतो, म्हणून परांचीवरून उतरून रस्त्यापलीकडे जाऊन बघावं लागतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. कंबर आणि गुडघे यातच जातात.

रंग बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन घ्यावा. आपला बराचसा जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे कोकणासारखी शेवाळाची भीती कमी, पण ऊन खरा दुश्मन आहे. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर भडक लाल-पिवळे रंग लवकर उडतात. गेरू आणि पिवडीच्या जातीचे मातकट रंग मात्र वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं, कंपन्यांची रंगपत्रिका नंतर आली. भर दुपारी काम केलं तर रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करायची आणि शक्यतो हिवाळ्यात. शाळेची भिंत असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा आपल्या देशात नियम आहे. लहान मुलं भिंतीला हात लावून तेच हात तोंडात घालतात.

यानंतर येतो तो सवाल, जो आपल्या घरांत खरं तर पहिला येतो. जानदार तस्वीर चालते का? सजीवांचं चित्र काढण्याला बरेच उलेमा मनाई करतात, काही जण मूर्ती आणि सपाट चित्र यांत फरक करतात. हा लेख फतवा नाही. ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावं. पण या सवालाच्या नावाखाली मुलीचा ब्रशच काढून घेणं मात्र पटत नाही. खत, बेलबुट्टी, भूमितीची नक्षी, इमारती, नकाशे, अक्षरं... केवढं मोठं मैदान मोकळं आहे! नगरच्या किल्ल्याजवळची सोळाव्या शतकातली दमडी मशीद बघा. दगडात अशी कोरीव नक्षी की तासभर नजर हटत नाही, आणि तिच्यात एकही चेहरा नाही.

फ्रान्समध्ये वाढलेले, मूळ ट्युनिशियाच्या कुटुंबातले एल सीड यांनी २०१६ मध्ये कैरोच्या मनशियत नासर या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत सुमारे ५० इमारतींवर मिळून एकच अरबी वाक्य रंगवलं. जवळून नुसते फराटे दिसतात, पूर्ण वाक्य एका डोंगरावरूनच वाचता येतं. वस्ती ख्रिस्ती, वाक्य त्यांच्याच एका संताचं, लिपी अरबी. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कुरआनच्या आयती रस्त्यावरच्या भिंतीवर लिहू नयेत असं आम्हाला वाटतं. तिथे धूळ बसते, पानाची पिचकारी उडते, उद्या त्यावर निवडणुकीचं पोस्टर चिकटतं. बेअदबी आपल्या हातून नको.

विषय शोधायला नगरबाहेर जायची गरज नाही. फेब्रुवारी १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून किल्ल्याच्या तटाला भगदाड पाडलं आणि चांदबिबीने स्वतः उभं राहून एका रात्रीत ते बुजवून घेतलं. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी जुन्या दख्खनी चित्रांत दिसते. घरच्यांना चेहरा नको असेल तर चेहरा काढूच नका. रात्र, मशाली, फुटलेला तट आणि दगडांची रास, एवढंच २० फुटांत काढलं तरी नगरचं पोर ओळखेल. मात्र हे चित्र किल्ल्याच्या किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूच्या भिंतीवर नाही. तिथे रंगाचा एक थेंबही गुन्हा आहे.

बाकीच्या भिंतींनाही कायदा आहे. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा लागू आहे, त्यामुळे मालकाची लेखी परवानगी हवीच. रस्त्यालगतची सार्वजनिक भिंत असेल तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची. आपल्या मुलांच्या नावाने केस व्हायला फार निमित्त लागत नाही, म्हणून तो कागद रंगाच्या डब्याइतकाच जरुरी समजा.

पैशाचं स्पष्ट बोलू. स्वच्छतेच्या मोहिमेत शहरं भिंती रंगवून घेतात आणि अनेकदा मुलींना बोलावून प्रमाणपत्र, समोसा आणि फोटो देऊन परत पाठवतात. पहिलं काम खिदमत म्हणून ठीक. दुसऱ्यापासून चौरस फुटाचा दर ठरवा, रंग आणि परांचीचा खर्च वेगळा लिहा, थोडी रक्कम आधी घ्या. गवंड्याला आपण मजुरी देतो, चित्रकार मुलीला 'नाव होईल' म्हणतो, हे बरोबर नाही.

अब्बांची खरी काळजी सुरक्षिततेची असते, आणि ती रास्त आहे. काबूलच्या शम्सिया हसनी या विद्यापीठात चित्रकला शिकवणाऱ्या कलाकाराला रस्त्यावर फार वेळ थांबता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी शहराच्या इमारतींचे फोटो घेऊन त्या फोटोंवरच भित्तिचित्रं रचली. आपल्या मुलीही भिंत मिळेपर्यंत मोबाइलवरच्या फोटोत हे करू शकतात. प्रत्यक्ष भिंतीवर गेल्यावर दोघी-तिघी सोबत हव्यात, जवळ स्वच्छतागृह हवं, परांचीला कठडा आणि वर चढणारीला पट्टा हवा, ओढणी मागे घट्ट बांधलेली हवी. भाऊ किंवा अब्बा दोरी धरायला आले तर फारच छान.

सुरुवात उर्दू शाळेच्या आतल्या बाजूच्या भिंतीपासून करा, सहा बाय आठ फूट पुरे. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहायचा. त्याला भिंतीचा फोटो, तिचं माप, रंगांची यादी आणि चित्राचा रंगीत कच्चा आराखडा जोडायचा. सही झालेली एक प्रत आपल्याजवळ ठेवायची.