गिरणीमालक संघटनेतून लखनऊच्या राजभवनात : सर होमी मोदी

• जन्म : 1881, मुंबई, पारशी कुटुंब. निधन : 1969.
• उद्योग : मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष, टाटा समूहात संचालक.
• करार : 1933चा मोदी-लीस करार, विषय भारत-ब्रिटन कापड व्यापार.
• राजीनामा : फेब्रुवारी 1943, गांधीजींच्या उपोषणावेळी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून, सोबत यवतमाळचे बापूजी अणे आणि नलिनी रंजन सरकार.
• राज्यपालपद : संयुक्त प्रांत, मे 1949 ते जून 1952. कार्यकाळातच, जानेवारी 1950मध्ये, संयुक्त प्रांताचे उत्तर प्रदेश झाले.
• त्यांच्या काळातील मुख्यमंत्री : गोविंद वल्लभ पंत.
• नंतरचे राज्यपाल : कन्हैयालाल मुनशी.
• पुत्र : रुसी (टाटा स्टील), पिलू (खासदार).
• अमेरिकी गव्हर्नर आणि भारतीय राज्यपाल यांतील फरक : अमेरिकेत गव्हर्नर लोकनिर्वाचित, स्वतः कारभार चालवतो, मोदींप्रमाणेच व्यापारउद्योगातून आलेले न्यूयॉर्कचे व्यापारी एडविन मॉर्गन 1859मध्ये असे निवडून येऊन तिथले गव्हर्नर झाले. भारतात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात; कारभार मंत्रिमंडळाकडे.