विश्लेषण : न सापडलेल्या खनिजाचा पत्ता संगणक कसा सांगतो?

कुदळ मारण्याआधी, ड्रिलिंग मशीन नेण्याआधीच ‘या भागात अमुक खनिज असणार’ असे सांगता येईल का? अमेरिकेतील शास्त्रज्ञ शॉना मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या शोधपत्रिकेत अशी भाकिते मांडली. त्यातील काहींची प्रत्यक्ष जागेवर तपासणी झाली आणि ती खरी निघाली. या पद्धतीच्या मुळाशी उपग्रह नाही की जमिनीखाली पाहणारे रडार नाही. आहे तो सुपरमार्केटच्या बिलांवरून ग्राहकाची सवय ओळखणारा हिशेब.

बिलांचा आणि खनिजांचा संबंध काय?

पोहे, शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या घेतलेल्या माणसाच्या पिशवीत कांदेही असण्याची शक्यता मोठी. लाखो बिले चाळून अशा जोड्या शोधण्याची पद्धत संगणकशास्त्रज्ञ राकेश अग्रवाल यांनी आयबीएममध्ये असताना सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये मांडली. तिला ‘असोसिएशन अॅनालिसिस’ म्हणतात. इंजिनीअरिंगला ‘डेटा मायनिंग’चा पेपर दिलेल्यांना ‘एप्रायोरी अल्गोरिदम’ आठवत असेल, त्याच कुळातली ही पद्धत. (विषयाच्या नावातले ‘मायनिंग’ कधी खरोखर खाणीपर्यंत पोहोचेल, असे तेव्हा वर्गात कुणाला वाटले नसेल.)

आता बिलाच्या जागी एखादे ठिकाण ठेवा : खाण, दगडखाण, डोंगरउतार. वस्तूंच्या जागी तिथे सापडलेली खनिजे. या संशोधनात अशी २ लाख ९५ हजार ५८३ ठिकाणे आणि ५ हजार ४७८ खनिजे विचारात घेतली गेली.

खनिजे एकत्र का सापडतात?

कारण त्यांची जन्मकथा एकच असते. युरेनिनाइट या युरेनियमच्या काळ्या खनिजाला हवा आणि पाणी लागले की ते गंजल्यासारखे बदलू लागते. त्या पाण्यात कार्बोनेट असेल तर रुदरफोर्डिन, अँडरसोनाइट अशी पिवळी-हिरवी खनिजे तयार होतात. सल्फेट असेल तर झिपेआइट. म्हणजे एका ठिकाणी यातली दोन खनिजे मिळाली, तर तिसरे जवळपास असण्याला रासायनिक कारण आहे. संगणकाला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेले नसते. त्याला फक्त याद्या दिसतात. पण याद्यांमध्ये ते रसायनशास्त्र उमटलेले असतेच.

हिशेब कसा होतो?

समजा, १००० ठिकाणांची नोंद आहे. ‘क’ खनिज १०० ठिकाणी आहे, ‘ख’ फक्त ५० ठिकाणी आणि दोन्ही एकत्र ४० ठिकाणी. सरसकट पाहिले तर कुठल्याही ठिकाणी ‘ख’ असण्याची शक्यता ५ टक्के. पण ‘क’ आहे हे कळले की ती ४० टक्क्यांवर जाते, म्हणजे आठपट. या पटीला ‘लिफ्ट’ म्हणतात आणि खरी मेख इथेच आहे. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, जवळपास सगळीकडे असते. त्यामुळे ‘क असेल तिथे क्वार्ट्झ असेल’ हे विधान बहुतेक वेळा खरे ठरेल, पण त्यातून नवे काहीच कळणार नाही. तिथे लिफ्ट एकच्या आसपास राहते आणि तो नियम बाजूला पडतो.

मग ज्या ठिकाणी ‘क’ची नोंद आहे पण ‘ख’ची नाही, अशी ठिकाणे काढायची. तीच भाकिते. प्रत्यक्षात एकाच वेळी दोन नव्हे, अनेक खनिजांच्या जुळण्या तपासल्या जातात. कागदावर न मावणारे हे काम संगणकाला सोपे जाते.

परीक्षा कुठे झाली?

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात टेकोपा नावाचे खोरे आहे. एके काळी तिथे तलाव होता, त्यात ज्वालामुखीची राख पडली आणि काळाच्या ओघात तिची झिओलाइटसारखी खनिजे झाली. मंगळावरही आटलेल्या तलावांच्या खुणा आहेत, म्हणून टेकोपाकडे मंगळाचा नमुना म्हणून पाहिले जाते. तिथे आणखी कोणती खनिजे असावीत याची यादी या पद्धतीने काढली गेली. मंगळासाठी हे कामाचे आहे, कारण रोव्हर मोजक्याच दगडांपर्यंत पोहोचतो. चार खनिजांवरून पाचवे ओळखता आले, तर पुढे कुठे वळायचे हे ठरवता येते.

युरेनियमच्या खनिजांचीही नवी ठिकाणे सुचवली गेली. अणुभट्टीतले वापरलेले इंधन मुख्यतः युरेनियम डायऑक्साइड असते, म्हणजे युरेनिनाइटचेच भावंड. ते हजारो वर्षांत कसे बदलेल, याचा अंदाज निसर्गातल्या या ‘गंजा’वरून बांधता येतो.

मग लिथियमची खाणही अशीच सापडेल?

यादीत स्पॉड्युमिन हे लिथियमचे खनिज आहे, दुर्मीळ मृदा धातूंचे मोनाझाइट आहे. साहजिकच ‘खजिन्याचा नकाशा’ अशा हेडलाइन्स होतात. पण खनिज असणे आणि खाण चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पद्धतीत ‘आहे’ किंवा ‘नोंद नाही’ एवढेच असते. मूठभर स्फटिक आणि अब्जावधी रुपयांचा साठा, दोन्हींची नोंद सारखीच. किती, किती खोल, काढणे परवडेल का, यासाठी ड्रिलिंग चुकत नाही.

महाराष्ट्र या यादीत कुठे आहे?

ठिकाणांची माहिती मुख्यतः ‘माइंडॅट’ या खुल्या डेटाबेसमधून येते आणि तो जगभरच्या हौशी संग्राहकांनी भरलेला आहे. जिथे संग्राहक फिरले, तिथल्या याद्या लांबलचक. बाकी ठिकाणी नोंद नाही याचा अर्थ खनिज नाही असा होत नाही, कदाचित कुणी पाहिलेलेच नसते. याद्यांमधल्या अशा झुकावाची चर्चा संशोधकांनी स्वतःच केली आहे.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीचे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकापासून बनलेले गडद निळे कॅव्हनसाइट प्रथम अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सापडले, पण जगातले उत्तम नमुने वाघोलीच्या दगडखाणींतले मानले जातात. तिथे ते पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले मिळते. देखणे असल्याने ते विकले जाते आणि विकले जात असल्याने त्याची नोंद होते. मात्र विक्रीसाठी निघालेल्या दख्खनच्या अनेक स्फटिकांवर खाणीचे नाव नसते, नुसते ‘पुणे’ किंवा ‘जळगाव’ असे लेबल असते. शंभर किलोमीटर दूरच्या खाणीतला नमुना जळगावच्या नावावर जमा झाला, तर वेगवेगळ्या बिलांतला किराणा एकाच पिशवीत भरल्यासारखे होते आणि संगणक त्यातूनही नियम काढतो.

वाघोलीच्याच बेसाल्टमधल्या कित्येक दगडखाणींत दिखाऊ स्फटिक मिळत नाहीत. तिथला दगड सरळ क्रशरमध्ये जातो, खडी होऊन रस्त्याला लागतो. त्याच्या पोकळ्यांत काय होते, हे कुठल्याच यादीत चढत नाही.