बोरघाटातील लोहमार्ग : हमीचे भांडवल आणि बिनहमीचे श्रम

प्रस्तावना :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, चौदा डबे व सुमारे चारशे निमंत्रित हा तपशील शालेय पाठ्यपुस्तकांपासून सर्वपरिचित आहे. परंतु ज्या उद्देशाने हा मार्ग टाकण्यात आला, तो ठाण्याला पोहोचून सिद्ध होणारा नव्हता. मुंबई बंदर व दख्खनचा कापूस पिकविणारा प्रदेश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती. ती ओलांडल्याखेरीज लोहमार्गाला व्यापारी अर्थ प्राप्त होणार नव्हता. म्हणूनच महाराष्ट्रातील रेल्वेच्या इतिहासात १८५३ इतकेच १८६३ हे वर्षही महत्त्वाचे मानावे लागते. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटातील लोहमार्गाचे उद्घाटन झाले.

या मार्गाचा इतिहास बहुधा अभियांत्रिकीच्या यशाची कथा म्हणून सांगितला जातो. ते यश निर्विवाद आहे. मात्र हा मार्ग कोणत्या आर्थिक व्यवस्थेतून उभा राहिला आणि त्या व्यवस्थेत प्रत्यक्ष खडक फोडणाऱ्या माणसाचे स्थान काय होते, हा प्रश्न त्या कथेत मागे पडतो. प्रस्तुत लेखात या दोन बाजूंचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

हमीची पद्धत :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. तत्पूर्वी १८४६ मध्ये अमेरिकेतील कापसाचे पीक कमी आल्याने मँचेस्टरच्या गिरणीमालकांना पर्यायी पुरवठ्याची निकड भासू लागली होती. तथापि हिंदुस्थानातील अनोळखी उद्योगात पैसा गुंतविण्यास इंग्लंडमधील भांडवलदार सहजासहजी तयार नव्हते. त्यांची भीती दूर करण्यासाठी 'हमी'ची पद्धत स्वीकारण्यात आली. गुंतविलेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याज मिळेल, अशी ग्वाही देण्यात आली. रेल्वेचे उत्पन्न कमी पडल्यास ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची होती. शिवाय लोहमार्गासाठी लागणारी जमीन ९९ वर्षांसाठी विनामूल्य मिळणार होती.

याचा अर्थ असा की, उद्योगातील नफा भागधारकांचा आणि तोट्याचा भार येथील करदात्या रयतेचा, अशी विभागणी प्रारंभीच झाली होती. दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांनी पुढे रेल्वेच्या खर्चावर जी टीका केली, तिचा एक आधार या पद्धतीत आहे.

घाटाचे आव्हान :

बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला होता. त्यामुळे कोकण व देश यांच्यातील मालवाहतूक वाढली. परंतु बैलगाडीला जो चढ चालतो, तो वाफेच्या इंजिनाला चालत नाही. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी घाटाची अनेक वर्षे पाहणी करून मार्ग निश्चित केला. पळसदरी परिसरातून समुद्रसपाटीपासून सुमारे १९६ फुटांवर सुरू होणारी ही चढण लोणावळ्याजवळ २,०२७ फुटांवर संपते. म्हणजे पावणेसोळा मैलांहून थोड्या अधिक अंतरात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. सरासरी चढ ४६ फुटांस १ फूट, तर सर्वाधिक चढ ३७ फुटांस १ फूट असा होता.

इतक्या अंतरातही मार्ग अखंड वर नेणे शक्य झाले नाही. म्हणून खंडाळ्याच्या खालच्या अंगाला एका डोंगरसोंडेवर 'रिव्हर्सिंग स्टेशन' योजण्यात आले. तेथे गाडी थांबे, इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागे. कड्याच्या कडेने अवघड वळण घेण्याऐवजी इंग्रजी 'झेड' अक्षराप्रमाणे मार्ग मुडपून घेण्याची ही युक्ती होती.

या मार्गावर २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधण्यात आले. बोगद्यांची एकूण लांबी ३,९८६ यार्ड होती. सुमारे २० लाख घनयार्ड खोदाई करावी लागली आणि तीही बहुतांशी सह्याद्रीच्या कठीण काळ्या पाषाणात. संपूर्ण चढणीचा खर्च सुमारे ११ लाख पौंड, म्हणजे दर मैलास जवळजवळ ६९ हजार पौंड इतका होता.

काम सुरू असताना दोन्ही बाजूंचे मार्ग तयार झाले होते. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीतूनच पार करावा लागे. एकाच प्रवासात वाफेचे युग आणि बैलाचे युग असे पाच वर्षे शेजारी नांदत होते.

श्रमाची साखळी :

घाटातील कामाचा ठेका प्रथम विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदारास देण्यात आला व जानेवारी १८५६ मध्ये कामास प्रारंभ झाला. कोकण व देशावरून मजूर येथे येऊ लागले. अनेकदा संपूर्ण कुटुंबच कामावर असे. पुरुषांनी पहारीने खडकाला भोके पाडावयाची, त्यांत दारू ठासून सुरुंग उडवावयाचे आणि फुटलेला दगड स्त्रियांनी व मुलांनी पाट्यांतून वाहून न्यावयाचा, अशी ही पद्धत होती. जेथे पाय ठेवण्यास जागा नव्हती, तेथे माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून भोके पाडून घेण्यात येत. उभ्या डोंगरात वरून विवरे खणून बोगद्याला जादा तोंडे पाडणे बहुतेक ठिकाणी अशक्य होते. त्यामुळे बोगदे दोन्ही टोकांकडूनच पुढे न्यावे लागत आणि काम संथ चाले. पावसाळ्यात ते जवळजवळ थांबे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासे. दाट वस्तीच्या तात्पुरत्या झोपड्यांत पटकीसारख्या साथी वेगाने पसरत.

कंपनी, ठेकेदार, उपठेकेदार, मुकादम आणि अखेरीस मजूर अशी या व्यवस्थेची साखळी होती. पैसा वरून खाली येताना प्रत्येक कडीशी थांबत असे. मजुराचा कंपनीशी थेट संबंध नव्हता. त्याची मजुरी थकली, तर दाद मागण्याची जागा म्हणजे मुकादम, आणि मुकादमाचीच रक्कम वर अडकलेली असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगार व युरोपीय देखरेखदार यांच्यात हिंसक संघर्ष झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला.

नंतर सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार इंग्लंडहून आला, परंतु काही आठवड्यांतच आजारपणाने त्याचा मृत्यू झाला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालविला आणि अ‍ॅडम्सन व क्लाउझर या अभियंत्यांच्या व्यवस्थापनाखाली काम पूर्ण करून घेतले. एकोणिसाव्या शतकात इतक्या मोठ्या बांधकामाचा ठेका एका स्त्रीच्या नावे असणे ही असाधारण गोष्ट होय. या काळात कामाचा वेग वाढला आणि १८६१ च्या सुमारास मजुरांची संख्या ४० हजारांच्या पुढे गेली. बर्कली मात्र मार्ग पूर्ण झालेला पाहू शकले नाहीत. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

कायद्याची दृष्टी :

१८५९ च्या संघर्षाचे पडसाद कायद्यातही उमटले. रेल्वे व अन्य सार्वजनिक बांधकामांवरील मालक-मजूर तंटे त्वरित निकाली काढण्यासाठी १८६० चा नववा कायदा संमत झाला. थकलेल्या मजुरीची तक्रार दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय त्यामुळे झाली. परंतु काम अर्धवट टाकणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात होती. १८५९ च्या तेराव्या कायद्याने तर उचल घेऊन काम न करणाऱ्या कामगारास तुरुंगाची वाट दाखविली होती. करार मोडणे हा एरवी दिवाणी स्वरूपाचा विषय असतो. मजुराच्या बाबतीत मात्र तो फौजदारी गुन्हा ठरला. हे दोन्ही कायदे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत रद्द झाले.

येथे हमीच्या पद्धतीतील विषमता स्पष्ट होते. लंडनमधील भागधारकाने जोखीम न पत्करताही त्याचे ५ टक्के सुरक्षित होते. घाटातील मजुराने जिवाची जोखीम पत्करूनही त्याची आठवड्याची मजुरी सुरक्षित नव्हती.

स्मृतीचे स्वरूप :

बोरघाटासंबंधीच्या अभियांत्रिकी विवरणांत खोदाईचे घनयार्ड एककापर्यंत मोजलेले आढळतात. तशी काटेकोर मोजणी मृत मजुरांच्या वाट्याला आली नाही. ठेकेदारांची व अधिकाऱ्यांची नावे ग्रंथांत राहिली, मजुरांची संख्येत विरून गेली.

लोकस्मृतीने मात्र आपल्या परीने ही उणीव भरून काढलेली दिसते. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटातील वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितल्यामुळे त्याला ठार करण्यात आले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ही वाट गाडीरस्त्याची की लोहमार्गाची, याविषयी कथेची रूपे भिन्न आहेत. ऐतिहासिक घटनेचा पुरावा म्हणून ही कथा स्वीकारता येणार नाही. परंतु स्थानिक समाजाने या बांधकामाकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचा ती महत्त्वाचा पुरावा आहे. वाट येथील माणसाच्या ज्ञानातून सापडली आणि तिचे मोल त्याला मिळाले नाही, हा तिचा आशय आहे.

समारोप :

१८६७ मध्ये खंडाळ्याजवळील एक कमानी पूल कोसळला व तो पुन्हा उभारावा लागला. १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपली. त्याच सुमारास घाटात विजेवरील गाड्या सुरू झाल्या आणि १ जून १९३० पासून 'डेक्कन क्वीन' मुंबई-पुणे धावू लागली. ३७ फुटांस १ फूट हा चढ मात्र आजही कायम आहे, आणि आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात.

रेल्वेने महाराष्ट्राचे अर्थजीवन बदलले, हे विधान यथार्थ आहे. त्या बदलाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने अभ्यासला गेला पाहिजे. पुराभिलेखागारातील सार्वजनिक बांधकाम खात्याचे दप्तर आणि कर्जत, खोपोली, खंडाळा परिसरातील मौखिक परंपरा ही दोन्ही साधने त्यासाठी एकत्र वाचावी लागतील. महाविद्यालयीन पातळीवरील स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांना येथे मोठा वाव आहे. बोगद्यांतून जाताना क्षणभर जो अंधार होतो, त्यात कोणाचे श्रम आहेत याची जाणीव विद्यार्थ्याला झाली, तर इतिहासाच्या अध्यापनाचा एक हेतू सफल झाला असे म्हणता येईल.